कार्तिकातला पाऊस आणि द्राक्षबागेचे गणित

पावसाळा सरला, आभाळ निरभ्र झाले आणि हवेतला दमटपणा ओसरला की द्राक्षवेलीला कात्री लावायची, हा नाशिक जिल्ह्यातील निफाड, दिंडोरी, चांदवड या तालुक्यांचा अनेक वर्षांचा शिरस्ता. शरद ऋतूतील कोरडी हवा आणि त्यामागून येणारी बेताची थंडी यांच्या भरवशावरच महाराष्ट्रातील द्राक्षशेती उभी राहिली. हा भरवसाच आता डळमळू लागला आहे. नोव्हेंबर २००९ मध्ये 'फयान' वादळाने, डिसेंबर २०१७ च्या प्रारंभी 'ओखी'ने आणि २०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये एकापाठोपाठ आलेल्या 'क्यार' व 'महा' या वादळांनी पाऊस आणि ढगाळ हवामानाचे संकट बागांवर आणले. २६ नोव्हेंबर २०२३ रोजी तर निफाड परिसरात गारांचा खच पडला आणि वाढीस लागलेले घड काही मिनिटांत झोडपले गेले.

कार्तिकातली एखादी सर हरभऱ्याला आणि कोरडवाहू ज्वारीला जीवदान देऊन जाते. मग शेजारच्याच द्राक्षबागेत तोच पाऊस अनर्थ का घडवतो? याचे उत्तर वेलीच्या स्वभावात आणि तिच्याकडून पीक घेण्याच्या आपल्याकडील पद्धतीत आहे.

दोन छाटण्यांचे वर्ष

द्राक्षवेल मूळची समशीतोष्ण प्रदेशातली. तेथे कडक हिवाळ्यात तिची पाने गळतात, ती विश्रांती घेते आणि वसंतात आपोआप फुटते. दख्खनच्या पठारावर अशी सक्तीची विश्रांती तिला मिळत नाही. त्यामुळे येथे वर्षातून दोनदा छाटणी करून वेलीचे चक्र माणसाने आखून दिले आहे. एप्रिलच्या सुमारास होणारी खरड छाटणी नव्या काड्यांसाठी असते. या काड्यांवरील डोळ्यांत पुढील हंगामाचा घड त्यानंतरच्या दीड-दोन महिन्यांत आकार घेऊ लागतो. ऑक्टोबरच्या आसपासची फळछाटणी हा दडलेला घड बाहेर काढण्यासाठी असते. डोळे एकसारखे फुटावेत म्हणून छाटणीनंतर काड्यांवर हायड्रोजन सायनामाईड लावले जाते आणि तेथून दिवसांची मोजणी सुरू होते.

बागायतदार बागेचे वय महिन्यांत सांगत नाही. 'बाग पंचवीस दिवसांची आहे', 'चाळीस दिवसांची आहे', ही त्याची भाषा. ती समजली, की पावसाचे परिणामही समजतात. छाटणीनंतर पंधरा ते पंचवीस दिवसांच्या दरम्यान कोवळ्या फुटीतून घड डोकावतो. या पोंगा अवस्थेत सलग ढगाळ हवा राहिली, पुरेसा सूर्यप्रकाश मिळाला नाही आणि मुळाशी पाणी साचले, तर तो घड जिरतो किंवा त्याची बाळी होते. त्या काडीपुरते वर्षभराचे पीक तेथेच संपते. पुढे फुलोऱ्यात पाऊस झाला तर कुज आणि गळ होते. मण्यांत पाणी उतरल्यानंतर झाला तर साल ताणली जाऊन तडे पडतात. एकाच रात्रीचा पाऊस शिवारातील तीन बागांत तीन निरनिराळी नुकसाने करून जातो, याचे कारण हे.

केवड्याची रात्र

पावसाच्या थेट माऱ्याहून अधिक धास्ती असते ती केवडा रोगाची. बागायतदारांच्या बोलण्यात त्याचे नाव 'डाऊनी'. पानावर पाणी काही तास टिकून राहिले आणि हवा फार तापलेली नसली, की या रोगाच्या बीजाणूंना आत शिरण्यास वाट मिळते. काही दिवसांनी पानाच्या वरच्या बाजूस तेलकट पिवळसर डाग दिसतात आणि खालच्या बाजूस पांढरी बुरशी येते. तोवर ती घडापर्यंतही पोहोचलेली असू शकते. म्हणून या रोगावरील फवारणी डाग दिसण्यापूर्वी, शक्य तर पाऊस येण्यापूर्वीच करावी लागते.

हा रोग अमेरिकेतून युरोपात पोहोचला तो १८७८ च्या सुमारास. फ्रान्समधील बोर्दो परिसरात मिलार्दे या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८८५ मध्ये मोरचूद आणि चुना यांच्या मिश्रणाचा त्यावरील उपयोग जगापुढे मांडला. तेच बोर्डो मिश्रण आजही नाशिकच्या बागांत वापरात आहे. मात्र केवड्याचा जोर ओसरला तरी उसंत मिळत नाही. पाऊस थांबून ढगाळ, थंड हवा राहिली की भुरीचा प्रादुर्भाव सुरू होतो आणि तिच्यासाठी औषधे वेगळी लागतात.

फवारणीलाही मर्यादा आहेत. निर्यातीच्या द्राक्षांत औषधांचे अंश ठरलेल्या मर्यादेपेक्षा अधिक आढळल्यास माल नाकारला जातो. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराईड या वाढनियंत्रकाच्या अंशांमुळे युरोपात भारतीय द्राक्षांची अडवणूक झाली आणि अनेक निर्यातदार व बागायतदार कर्जाच्या गर्तेत गेले. प्रत्येक औषध काढणीपूर्वी किती दिवस बंद करायचे, याचे वेळापत्रक तेव्हापासून अधिक काटेकोरपणे पाळले जाते. पाऊस लांबला की हे वेळापत्रक आणि रोगाचे वेळापत्रक यांचा मेळ बसत नाही. रोग आवरावा तर अंश राहण्याची भीती आणि औषध थांबवावे तर घड जाण्याची, अशा कात्रीत बागायतदार सापडतो.

छाटणीची तारीख

म्हणूनच छाटणीची तारीख हा या शेतीतील सर्वांत मोठा निर्णय ठरतो. सप्टेंबरमध्ये छाटणी केली तर जानेवारीच्या सुमारास माल तयार होतो. बाजारात तेव्हा द्राक्षे कमी असतात आणि भाव चांगला मिळतो. परंतु कोवळी फूट नेमकी परतीच्या पावसात सापडते. बागलाण भागातील आगाप बागांची छाटणी तर भर पावसाळ्यात होते. त्यांच्या मालाला हंगामापूर्वीचा भाव मिळतो, पण नोव्हेंबर-डिसेंबरमधील पाऊस त्यांना पिकलेल्या घडांवर झेलावा लागतो.

मग छाटणी लांबवावी, असा सोपा उपाय सुचतो. तो तितका सोपा नाही. नोव्हेंबरमध्ये छाटलेल्या वेलीची फूट थंडीने मंदावते. निफाडच्या कुंदेवाडी येथील गहू संशोधन केंद्रात पारा काही वर्षी चार-पाच अंशांपर्यंत उतरल्याची नोंद होते. अशा पहाटे बागांतून शेकोट्या पेटवून धूर करावा लागतो. उशिराचा माल मार्चच्या उन्हात आणि बाजारातील गर्दीत सापडतो. काढणी लांबली की खरड छाटणीही लांबते आणि पुढील वर्षाच्या घडनिर्मितीच्या काळात पावसाळी ढग येऊन ठेपतात. एका हंगामात टाळलेला धोका अशा रीतीने पुढच्या हंगामात समोर उभा राहतो.

हवामानाचा बदललेला नूर आकडेवारीतही दिसतो. भारतीय हवामानशास्त्र विभागाने २०२० मध्ये मोसमी पावसाच्या आगमनाच्या व माघारीच्या सर्वसाधारण तारखा बदलल्या. मुंबईतील माघारीची तारीख २९ सप्टेंबरवरून ८ ऑक्टोबरवर गेली. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांच्या अभ्यासानुसार १९८२ ते २००० या काळाच्या तुलनेत २००१ ते २०१९ या काळात अरबी समुद्रातील चक्रीवादळांची संख्या ५२ टक्क्यांनी वाढली. समुद्राच्या पृष्ठभागाचे वाढते तापमान हे त्यामागील प्रमुख कारण मानले जाते. ही वादळे नाशिकपर्यंत येत नसली तरी त्यांचे ढग आणि बाष्प पोहोचते आणि केवड्याला तेवढे पुरेसे असते.

उपाय आणि त्यांची किंमत

बागायतदार हातावर हात ठेवून बसलेले नाहीत. अनेकांनी बागेचे तुकडे पाडून दहा-पंधरा दिवसांच्या अंतराने छाटणी सुरू केली आहे. एका तुकड्याची पोंगा अवस्था पावसात सापडली तरी दुसरा वाचावा, हा हेतू. मांडवावरील पानांची गर्दी कमी ठेवण्यासाठी फेलफुटी वेळेवर काढल्या जातात. त्यामुळे हवा खेळती राहून पाने लवकर सुकतात. पाऊस थांबताच नुसत्या हवेच्या झोताने घडांतील पाणी उडवण्यासाठी ब्लोअर फिरवतात. पानांचा ओलेपणा मोजणारी छोटी हवामान केंद्रे काही बागांत बसली असून रोगाची शक्यता दिसेल तेवढ्याच फवारण्या करणे त्यामुळे साधते. मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राचे सल्लेही या काळात आवर्जून पाहिले जातात.

यातील प्रत्येक उपायाला खर्च आहे. तुकड्यातुकड्याने छाटणी करायची तर मजुरांच्या टोळ्या पुन्हा पुन्हा लागतात. पेठ, सुरगाणा भागातून येणारे हे मजूर ऐन हंगामात सर्वांनाच हवे असतात. पाऊस झाला की त्यांचाही रोज बुडतो आणि उघडीप मिळताच एकाच वेळी सगळीकडून बोलावणे येते. चिखलात ट्रॅक्टर चालत नाही, तेव्हा पाठीवरच्या पंपाने फवारणी करावी लागते. बागेवर प्लॅस्टिकचे आच्छादन घालणे हा पाऊस आणि गारांपासून सर्वांत खात्रीचा बचाव. त्यासाठी एकरी काही लाख रुपये लागतात आणि वादळी वाऱ्याने ते फाटण्याचा धोका राहतोच.

हवामानावर आधारित फळपीक विमा काही प्रमाणात आधार देतो. मात्र त्यातील भरपाई बागेतील प्रत्यक्ष नुकसान पाहून ठरत नाही. महसूल मंडळाच्या हवामान केंद्रात झालेल्या नोंदीवर ती अवलंबून असते. नोव्हेंबरचा पाऊस तर अनेकदा एका गावात कोसळतो आणि शेजारच्या गावाला कोरडे ठेवतो. केंद्रावर सर नोंदली गेली नाही, तर घड जिरलेल्या बागेचा मालक भरपाईस मुकू शकतो. गारपिटीसाठी वेगळे संरक्षण घ्यावे लागते.

या साऱ्याचा भार सर्वांवर सारखा पडत नाही. दहा-पंधरा एकरांचा धनी बागेचे चार भाग करून धोका वाटून घेऊ शकतो. एक-दीड एकराच्या बागायतदाराला एकच तारीख निवडावी लागते आणि ती चुकली तर मांडवाचे, औषधांचे, मजुरीचे कर्ज पुढच्या वर्षावर जाते. अनेक गावांत बागांवर कुऱ्हाड चालवून शेतकरी दुसऱ्या पिकांकडे वळले, त्यामागे अशीच लागोपाठ चुकलेली वर्षे आहेत. गावपातळीवर पर्जन्यमापक वाढवणे, विम्याचे निकष बागेच्या वयाशी जोडणे आणि आच्छादनाचा खर्च लहान बागायतदाराच्या आवाक्यात आणणे, ही कामे म्हणूनच निकडीची आहेत. छाटणीची तारीख बागायतदारालाच निवडावी लागणार. ती चुकल्यास होणारे सारे नुकसान त्या एकट्याच्या माथी पडू नये, एवढी व्यवस्था मात्र करता येण्याजोगी आहे.