कुंपणच शेत खातें तेव्हां : डुकरांच्या एका रोगाचा विचार

ज्या रोगानें जनावर तडकाफडकी मरतें, त्याची धास्ती सर्वांसच असते. परंतु जो रोग स्वतः फारसा न मारतां इतर रोगांस दार उघडून देतो, तो ओळखण्यास वेळ लागतो आणि तेवढ्या अवधींत धन्याचें होत्याचें नव्हतें होतें. डुकरांचा 'पी. आर. आर. एस.' हा रोग या दुसऱ्या जातीचा होय. प्रजनन व श्वसन या दोहोंवर त्याचा घाला पडतो. हा माणसांस होत नाहीं. परंतु डुकरें पाळणाऱ्याच्या संसारास मात्र तो बुडवितो. म्हणून त्याची रीत आम्ही येथें सांगत आहों.

सन १९८७ च्या सुमारास अमेरिकेंत दिवस भरत आलेल्या डुकरिणी गाभटूं लागल्या, मेलेलीं व दुबळीं पिल्लें जन्मूं लागलीं आणि वाढतीं पिल्लें धापा टाकीत मरूं लागलीं. कारण सांपडेना, म्हणून लोक त्यास 'गूढ रोग' म्हणूं लागले. पुढें सन १९९१ मध्यें हॉलंडांतील लेलिस्टाड येथील संशोधकांनीं डुकराच्या फुफ्फुसांतील पेशींवर हा विषाणु वाढवून गूढ उकललें. सन २००६ मध्यें चीन देशांत त्याच्या उग्र वाणानें २० लाखांहून अधिक डुकरांस ग्रासलें. आपल्या देशांत, मिझोरम प्रांतीं, तो सन २०१३ मध्यें प्रथम उघडकीस आला.

आतां त्याची करणी पाहूं. फुफ्फुसांतील वायुकोशांत कांहीं मोठ्या पेशी सदैव गस्त घालीत असतात. श्वासाबरोबर आलेली धूळ, जंतु वगैरे जें परकें दिसेल तें गिळून त्याचा फडशा पाडणें हें त्यांचें काम. म्हणून त्यांस भक्षक पेशी म्हणतात. गांवच्या जागल्याचेंच काम तें. इतर पुष्कळ विषाणु या जागल्याची नजर चुकवूं पाहतात; हा मात्र सरळ त्याच्याच घरांत शिरतो. या पेशींच्या पृष्ठभागीं सी. डी. १६३ नांवाचें एक प्रथिन असतें. फुटलेल्या तांबड्या पेशींतून सांडलेलें हिमोग्लोबिन गोळा करणें हें त्याचें मूळचें काम. त्याच्याच आधारानें विषाणु आंत प्रवेश मिळवितो, तेथें आपली संतति वाढवितो आणि अखेर ती पेशी मरते. शेजारच्या पेशींस सावध करणारें इंटरफेरॉन नांवाचें द्रव्य आहे, तेंहि तो दाबून टाकतो. म्हणजे जागल्या मेला, आणि दवंडीहि पिटली गेली नाहीं!

शरीराची दुसरी फळी प्रतिद्रव्यांची. तीं एक-दोन आठवड्यांत रक्तांत दिसूं लागतात खरीं. परंतु आरंभीचीं प्रतिद्रव्यें विषाणूस निष्प्रभ करूं शकत नाहींत. उपयोगी पडणारीं प्रतिद्रव्यें बहुधा चार आठवड्यांनंतर, आणि तींहि थोडथोडीं, येतात. दरम्यान विषाणु घशांतील गांठींत दडून बसतो. वरकरणी बरें झालेलें, खातें-पितें डुक्कर सुमारें पांच महिने विषाणु बाळगून असूं शकतें, असें प्रयोगांत आढळलें आहे. उताऱ्यावरून नांव कमी झालें, तरी वहिवाट त्याचीच चालू!

पहारा असा उठल्यावर एरवीं नाकाघशांत निरुपद्रवी राहणारे जंतु फुफ्फुसांत उतरतात. कळपांत न्युमोनिया होतो, सांधे सुजतात, मेंदूस दाह होतो. धनी डोळ्यांस दिसणाऱ्या रोगावर औषध आणतो. प्रतिजैविकांनीं हे जंतु आटोक्यांत येतात. पण मूळ विषाणूवर त्यांचा कांहींच परिणाम होत नाहीं. औषधाचा पैसा जातो, आणि पुढच्या वेतांतहि तीच कथा. लसीनें रोगाची तीव्रता कमी होते. तथापि विषाणूचे वाण परस्परांहून भिन्न असल्यामुळें संसर्ग सर्वथा टळतोच असें नाहीं.

यावरून निष्कर्ष एकच. ज्या रोगांत शरीराचें कुंपणच शेत खातें, तेथें गोठ्याचें कुंपण धन्यानें राखलें पाहिजे. बाजारांतून आणलेलें डुक्कर कितीहि धष्टपुष्ट दिसो, त्यास निदान महिनाभर निराळें बांधावें व शक्य तर रक्ताची तपासणी करवावी. वीर्यावाटेंहि हा रोग पसरतो. यास्तव वळूडुक्कर उसना आणतांना तीच दक्षता घ्यावी. एकाच सुईनें सर्व कळपास टोंचूं नये. व्यापाऱ्याची गाडी व त्याचे जोडे गोठ्याबाहेरच ठेवावे. साबण, ऊन व कोरडेपणा यांपुढें हा विषाणु टिकत नाहीं. म्हणून गोठा धुऊन पूर्ण वाळवावा. डुकरिणी एकामागून एक गाभटूं लागल्या, तर जनावरांच्या डॉक्टरास त्वरित वर्दी द्यावी, आणि कळपांतील एकहि डुक्कर विकूं नये. घाईनें विकलेलें आपलें डुक्कर शेजाऱ्याच्या घरीं अनर्थ नेतें.

सन २०१७ मध्यें एडिंबरो येथील शास्त्रज्ञांनीं सी. डी. १६३ प्रथिनाचा विषाणूस उपयोगी पडणारा तेवढाच भाग वगळून डुकरें निपजविलीं. त्यांच्या भक्षक पेशींत विषाणूस शिरतां आलें नाहीं. विद्येचा हा विजय खरा. परंतु तशीं डुकरें आपल्या दारीं येईपर्यंत हातावर हात ठेवून बसणें गरीब पाळणाऱ्यास परवडणारें नाहीं. साबण, सूर्यप्रकाश आणि महिनाभराचा धीर हे तिन्ही उपाय आजहि प्रत्येकाच्या हातीं आहेत. त्यांचा अवलंब आमच्या बंधूंनीं अवश्य करावा.