बारावीचे गुण आणि त्यापलीकडचे शिक्षण

दहावीनंतरची दोन वर्षे आपल्यातील बहुतेक कुटुंबे केवळ गुणांच्या हिशेबात घालवितात. सकाळी कनिष्ठ महाविद्यालय, सायंकाळी क्लास, रात्री प्रश्नसंच. वास्तविक या वयाचे शिक्षण तीन आधारांवर उभे असावे : विषयांचा अभ्यास, स्वतंत्र प्रकल्प आणि खेळ, कला व समाजकार्य. ‘इंटरनॅशनल बॅकलॉरिएट’च्या पदविकेत सहा विषयांसोबत चार हजार शब्दांपर्यंतचा संशोधन-निबंध व सेवाकार्य अनिवार्य असते, परंतु मुंबईत ही पदविका बहुधा महागड्या शाळांतच मिळते.

ही कल्पना मात्र आपल्याला परकी नाही. १९२४ साली बाबासाहेबांनी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली. तिचे कार्यालय परळच्या दामोदर हॉलमध्ये होते. सभेने १९२५ साली सोलापुरात विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह काढले. पण निवास आणि पाठ्यपुस्तके एवढ्यावर ती थांबली नाही. विद्यार्थ्यांना ‘सरस्वती विलास’ हे मासिक चालविण्यास तिने प्रोत्साहन दिले. मुंबईत मोफत वाचनालय आणि हॉकी क्लबही चालविला. पुढे १९४६ साली सुरू झालेल्या सिद्धार्थ महाविद्यालयात विद्यार्थ्यांची संसद भरू लागली. वाचणे, लिहिणे, खेळणे आणि सभेत मत मांडणे हे सारे तेथे शिक्षणच मानले गेले.

आज राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० हेही अभ्यास आणि अभ्यासेतर उपक्रम यांतील भिंत पाडण्याची भाषा करते. आपल्या राज्यात अकरावी-बारावीला ‘पर्यावरण शिक्षण व जलसुरक्षा’ या विषयात प्रकल्प व जर्नल आहेच. दुर्दैवाने तो प्रकल्प पुष्कळदा दुकानातून तयार आणला जातो. यात खरी हानी आपल्याच मुलांची होते. सुस्थितीतील घरचे मूल चर्चा करणे, प्रश्न विचारणे घरीच शिकते. पहिल्या पिढीतील विद्यार्थ्याला ते शाळेनेच द्यावे लागते.

त्यासाठी पैसा लागत नाही. लालबागच्या चाळीत पाणी किती वेळ येते, कोण भरते, कोठे साठविते, याची महिनाभर नोंद ठेवली तरी उत्तम प्रकल्प होतो. १९८२ च्या गिरणी संपाच्या आठवणी वडीलधाऱ्यांकडून टिपून घेतल्या तर इतिहासाचे साधन तयार होते. चवदार तळ्याचा वारसा सांगणाऱ्यांनी पाण्यावरचा प्रकल्प विकत आणणे शोभणारे नाही.

माजी विद्यार्थ्यांना आमची एवढीच विनंती आहे : देणगीसोबत आठवड्यातील दोन तास द्यावेत. अकरावीच्या एका मुलाचा प्रकल्प ऐकावा, त्यावर प्रश्न विचारावेत आणि उत्तर त्यालाच शोधू द्यावे.