कोंडाणा दोनदा सोडला

पोकरच्या टूर्नामेंटमध्ये कुणी ‘ऑल-इन’ गेला, समोरच्या सगळ्या चिप्स एका डावावर लावल्या, की बघणाऱ्याला ते धाडस वाटतं. मुरलेला खेळाडू आधी दोन गोष्टी पाहतो: आपल्याकडे शिल्लक किती आणि थांबण्याची किंमत किती. ब्लाइंड म्हणजे सक्तीची बोली ठरावीक वेळाने वाढत जाते. चिप्स मोठ्या ब्लाइंडच्या दहापटीपर्यंत घसरल्या की नुसतं बसून राहणंही महाग पडतं. आजच्या भोर-वेल्ह्याच्या मुलखातली 1646 ते 1670 ही वर्षं या नजरेने चाळली, तर शिवाजी महाराज सर्वस्व पणाला लावणारे कमी आणि डाव सोडणारे जास्त दिसतात.

तोरणा 1646च्या सुमारास हाती आला, तोही विजापूरचा बादशहा आजारी असताना. पुढे 1648मध्ये महाराजांचे वडील शहाजीराजे यांना कैद झाली आणि त्यांच्या सुटकेसाठी 1649मध्ये कोंडाणा परत द्यावा लागला. तो दिला.

खरं ऑल-इन पाहायचं तर भोरजवळच्या कारीला जावं. महाराजांवर चालून येणाऱ्या अफजलखानाला येऊन मिळा, असं फर्मान 16 जून 1659 रोजी विजापूरहून तिथले देशमुख कान्होजी जेधे यांच्या नावे निघालं. फर्मान मोडलं तर वतन जाणार, कदाचित जीवही. राजाला एखादा किल्ला सोडून मागे सरता येत होतं. देशमुखाला कुठे सरता येणार? शिवाय पोकरमध्ये आधी सगळं लावणाऱ्याला एक सोय असते, समोरचा घाबरून पत्ते टाकू शकतो. उत्तर देणाऱ्याला ती नसते, म्हणून त्याचे पत्ते जास्त भक्कम लागतात. इथे पहिली बोली विजापूरची होती. कान्होजी पाच मुलांना घेऊन महाराजांकडे गेले आणि त्यांनी वतनावर पाणी सोडलं. त्यानंतर त्यांची बायकामुलं तळेगावला हलवण्यात आली. सगळं पणाला लावतानाही घरची माणसं पटावर ठेवली नव्हती, हा तपशील मला त्या निर्णयाइतकाच मोलाचा वाटतो.

कारीच्याच रोहिडखोऱ्यातले उत्रवळीचे खंडोजी खोपडे खानाकडे गेले. निकाल हाती असताना त्यांना मूर्ख ठरवणं सोपं आहे. त्या जूनमध्ये फौजा मोजणाऱ्या कुणालाही त्यांचाच हिशेब बरोबर वाटला असता. महाराजांनी तर भ्यायल्याचा बहाणा करून खानाला जावळीच्या रानात ओढून घेतलं. 10 नोव्हेंबरला प्रतापगडाखाली खान पडला. खोपड्यांचा पुढे उजवा हात आणि डावा पाय तोडला गेला.

पुढच्याच वर्षी घोडखिंडीत बाजीप्रभू देशपांडे आणि हिरडस मावळातले बांदल पणाला लागले. तो डाव खिंड जिंकण्याचा नव्हता. पाठलाग चुकवून महाराज विशाळगडावर पोहोचेपर्यंत वेळ मिळवायचा होता.

1665मध्ये मोगलांचा सेनापती मिर्झाराजे जयसिंगाने पुरंदरला वेढा घातला. किल्लेदार मुरारबाजी पडले. अभिमानाने लढत राहण्याची हीच वेळ, असं कुणीही म्हटलं असतं. महाराजांनी तह करून कोंडाण्यासह 23 किल्ले आणि चार लाख होनांचा मुलूख देऊन टाकला. 12 किल्ले आणि एक लाख होनांचा मुलूख राखला. त्यात राजगड आणि तोरणा होते. टूर्नामेंटमध्ये गमावलेली चिप कमावलेल्या चिपेपेक्षा भारी असते, कारण सगळ्या संपल्या की खुर्चीच जाते. राजगड हातात होता तोवर खुर्ची होती.

आग्र्याच्या मोगली कैदेतून 1666मध्ये सुटून आल्यावरही घाई नाही. मोगलांशी सलोखा, संभाजीराजांच्या नावे मनसब, फौजेला विश्रांती. अशी तीन वर्षं काढली. मगच तह मोडला. 4 फेब्रुवारी 1670 रोजी कोंडाणा घेतला, तानाजी मालुसऱ्यांचा जीव देऊन. 8 मार्चला पुरंदर आला. पाठोपाठ इतर किल्लेही येऊ लागले.