जुन्या डिझेल गाडीची अडलेली ताकद

कवठे येमाई हे शिरूर तालुक्यातले गाव. इथून मलठणवरून शिरूरला जाता येते. शिरूरला पुणे-अहिल्यानगर हा मोठा रस्ता लागतो. पूर्वी बाजाराला, लग्नाला, देवाला जायचे तर बैलगाडी जुंपावी लागे. आता गावोगाव मोटारी आल्या आहेत. कोणाची इंडिका आहे, कोणाची सुमो, कोणाची बोलेरो. यातल्या पुष्कळ गाड्या जुन्या आहेत. एकाने वापरून विकल्या, दुसऱ्याने घेतल्या.

इंडिका तर आपल्याच जिल्ह्यातली. टाटांच्या पिंपरीच्या कारखान्यात ती तयार झाली. १९९८ सालच्या डिसेंबरात ती लोकांपुढे आली. २०१८ साली तिचे उत्पादन थांबले. पण रस्त्यावर ती अजून दिसते.

अशी गाडी घरची मोठी सोय असते. रात्री-अपरात्री कोणाचे दुखले-खुपले, तर तीच दवाखान्यात नेते. म्हणून ती दमायला लागली, की घरच्यांना घोर लागतो. चढ आला की गाडी कण्हते. पाच माणसे बसली की पुढे सरकत नाही. मागून काळा धूर निघतो. डिझेल जास्त लागते.

मग कोणीतरी सांगतो, "तात्या, पंपाचा स्क्रू थोडा फिरवून घ्या. गाडी घोड्यासारखी पळेल." दुसरा म्हणतो, "सायलेन्सर बदला." तिसरा म्हणतो, "टर्बो बसवा. पैसे लागतील, पण बघा मग!"

थांबा. खिशात हात घालण्याआधी एक प्रश्न विचारा. गाडी नवी होती तेव्हा हाच चढ चढत होती का? चढत होती ना? मग तेव्हाची ताकद गेली कुठे?

ती बहुधा कुठे गेलेली नसते. ती अडलेली असते. पाटात गाळ साचला, की शेवटच्या वाफ्याला पाणी पोचत नाही. तेव्हा आपण आधी पाट साफ करतो. नवी विहीर खणायला लगेच निघत नाही. गाडीचेही तसेच आहे.

डिझेल इंजिन चालते कसे?

रुडॉल्फ डिझेल नावाचा एक जर्मन इंजिनियर होता. त्याने १८९७ साली हे इंजिन नीट चालवून दाखवले. त्याच्याच नावावरून तेलालाही डिझेल म्हणू लागले. आपल्याकडे विहिरीवर असली इंजिने पुष्कळांनी पाहिली आहेत. किर्लोस्करांचा ऑइल इंजिनांचा कारखाना पुण्याजवळ खडकीला १९४६ साली सुरू झाला. मोटेची कुरकुर जाऊन इंजिनाची फटफट आली, ती अशी.

सायकलच्या पंपाने हवा भरताना पंप खालून गरम होतो. हवा दाबली की ती तापते. डिझेल इंजिन याच गोष्टीवर चालते. जुन्या गाडीच्या इंजिनात हवा सुमारे वीस पट दाबली जाते. ती इतकी तापते, की तिच्यात डिझेलची फवारणी होताच भडका उडतो. त्या भडक्याने दट्ट्या खाली ढकलला जातो आणि चाके फिरतात. पेट्रोल गाडीसारखी ठिणगी इथे लागत नाही.

म्हणजे इंजिनाला तीन गोष्टी हव्यात. पुरेशी हवा, स्वच्छ डिझेल आणि बारीक फवारा. शिवाय तयार झालेली ताकद चाकापर्यंत पोचली पाहिजे. यातले एक जरी अडले, तरी गाडी दमते. आता एकेक पाहू.

पहिली गोष्ट : हवा

एक लिटर डिझेल पुरते जळायला निदान १०,००० लिटर हवा लागते. २०० लिटरचे पिंप डोळ्यांपुढे आणा. अशी ५० पिंपे भरून हवा, आणि तीही एका लिटरला! एवढी हवा एका कागदी गाळणीतून आत जाते. तिला एअर फिल्टर म्हणतात.

आपला शिरूर तालुका कोरडा. रस्त्यांना धूळ फार. ती धूळ गाळणीत बसते. मग हवा कमी पडते. डिझेल अर्धे जळते आणि काळा धूर होऊन बाहेर जाते. तो धूर म्हणजे आपलेच पैसे असतात.

गाळणी काढून उजेडात धरा. घड्यांमधून उजेड दिसत नसेल, तर नवी बसवा. ती काही शे रुपयांत मिळते. कागदी गाळणी पाण्याने धुऊ नये. हवेच्या जोरदार झोताने झोडपूही नये. कागद फाटला तर धूळ थेट इंजिनात जाते आणि आतून झिजवते. गाळणी काढून टाकून गाडी पळवणे तर फारच वाईट.

काही गाड्यांना टर्बो असतो. टर्बो म्हणजे हवेचा पंखा. बाहेर जाणारा धूर त्याला फिरवतो आणि तो जास्त हवा आत कोंबतो. टर्बोच्या रबरी नळीला चीर गेली, तर कोंबलेली हवा मधेच गळते. चढावर सूं असा आवाज येतो आणि गाडी बसते. अशा वेळी टर्बो बदलायची घाई करू नये. आधी नळी आणि तिचे पट्टे पाहावेत.

दुसरी गोष्ट : डिझेल

डिझेलमध्ये थोडे पाणी आणि गाळ येऊ शकतो. पाणी जड, म्हणून ते तळाला बसते. डिझेल फिल्टरच्या खाली बहुधा एक लहान बोल्ट असतो. मिस्त्रीकडून तो सैल करून साठलेले पाणी काढून घ्यावे. फिल्टर वेळच्या वेळी बदलावा. उघड्या कॅनमधले, घरात साठवलेले डिझेल गाळल्याशिवाय टाकीत ओतू नये. टाकी नेहमी तळाशी ठेवून गाडी चालवू नये.

तिसरी गोष्ट : फवारा

डिझेल बारीक नोझलमधून आत उडते. पिकावर औषध मारताना पंपाचे नोझल खराब झाले, की काय होते? फवाऱ्याऐवजी धार पडते. औषध वाया जाते आणि कीड तशीच राहते. गाडीतही तेच घडते. डिझेलची धार पडली, तर ते नीट जळत नाही. गाडी खडखडते, धूर सोडते, ओढ कमी होते.

नोझल तपासणे हे घरचे काम नाही. त्यासाठी पंप-नोझलची वेगळी दुकाने असतात. तिथे यंत्रावर लावून दाब आणि फवारा तपासतात. मोठ्या रस्त्यावरच्या गावांत, पुण्यात अशी दुकाने सापडतात. चालू नोझलपुढे हात कधीही धरू नका. फवाऱ्याचा दाब इतका असतो, की डिझेल कातडी भेदून आत शिरते. जखम टाचणीएवढी दिसते, पण हात जाण्याची वेळ येते.

चौथी गोष्ट : चाकापर्यंतची वाट

इंजिन ठणठणीत आहे, तरी गाडी ओढत नाही. असे का होते? ताकद वाटेत सांडते म्हणून. तीन जागा पाहा.

टायर : हवा कमी असेल, तर गाडी चिखलातून ओढल्यासारखी चालते. किती हवा भरायची, तो आकडा गाडीच्या दारापाशी किंवा पुस्तकात लिहिलेला असतो. तो वाचा. हवा टायर थंड असताना मोजा.

ब्रेक : गाडी सपाट जागी ठेवा. बाकीच्या चाकांना दगड लावा. मग मिस्त्रीकडून एकेक चाक जॅकवर उचलून हाताने फिरवून पाहा. चाक जड फिरले, तर ब्रेक चिकटलेला आहे. असा ब्रेक डिझेल खातो, तापतो आणि ऐन वेळी दगाही देतो.

क्लच : इंजिनाचा आवाज चढतो, पण गाडीचा वेग वाढत नाही. मग समजावे, क्लच घसरतो आहे.

गाडीच्या टपावर आणि डिकीत उगाच ठेवलेले ओझेही उतरवा. ते फुकट उतरते, एक पैसा लागत नाही.

धूर बोलतो, तो ऐका

काळा धूर : हवा कमी किंवा डिझेल जास्त.

निळा धूर : इंजिनाचे ऑइल जळते आहे.

पांढरा धूर : थंडीत सकाळी थोडा वेळ निघाला, तर घाबरू नये. गाडी तापल्यावरही थांबला नाही आणि रेडिएटरचे पाणी कमी होत असेल, तर गाडी चालवू नका. मिस्त्रीला दाखवा.

काय करू नये?

आता पंपाच्या स्क्रूकडे वळू. स्क्रू फिरवला, की डिझेल जास्त जाते. चार दिवस गाडी जोरात पळते, हे खरे. पण हवा तेवढीच राहते. मग धूर वाढतो, इंजिन जास्त तापते. दट्ट्या आणि हेड गॅस्केट यांच्यावर ताण येतो. बैलाला मोठे ओझे ओढायला लावायचे आणि वैरण-पाण्याकडे पाहायचे नाही, त्यातली ही गत. इंजिन पुन्हा बांधायचे म्हटले, की जुन्या गाडीच्या किमतीएवढा खर्चही कधी होऊन बसतो.

बिनटर्बोच्या गाडीला टर्बो लावणेही तसेच. ते इंजिन त्या दाबासाठी बांधलेलेच नसते. जुनी इंडिका बिनटर्बोची, तिची ताकद पन्नास अश्वशक्तीच्या थोडी वर. त्याच मापाने तिचा क्लच आणि ब्रेक केलेले आहेत.

इथे कायदाही आड येतो. मोटार वाहन कायदा १९८८ चा. त्याच्या ५२ व्या कलमात लिहिले आहे, की कारखान्याने ठरवलेल्या आणि आरसी बुकात नोंदलेल्या गोष्टी मालकाने मनाने बदलू नयेत. २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानेही हेच बजावले. त्याच वर्षी कायदा सुधारला गेला. आता असा बदल करणाऱ्या मालकाला दर बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकते. काळा धूर सोडणाऱ्या गाडीला पीयूसीचा दाखलाही मिळत नाही. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. पुढे ती तपासणी होऊन पाच-पाच वर्षांनी वाढवून घ्यावी लागते. त्या तपासणीत मनमानी बदल आड येतील, हे लक्षात ठेवा.

आधी थांबणे, मग पळणे

एक हिशेब पाहा. गाडी ताशी ४० च्या वेगाने चालली आहे. ब्रेक दाबल्यावर ती काही अंतरावर थांबते. वेग ४० चा ६० केला, म्हणजे दीडपट केला. थांबायचे अंतरही दीडपट होते का? नाही. ते सव्वादोन पट होते. समोर शाळेतून सुटलेले पोर आले किंवा वळणावर उसाची ट्रॉली उभी असली, तर हा फरक जीव घेतो.

म्हणून पैसे मोजके असतील, तर क्रम असा ठेवावा. पहिले पैसे ब्रेकला आणि टायरला. मग इंजिनाच्या ऑइलला आणि गाळण्यांना. मग नोझलला. टायमिंगचा पट्टा असलेल्या गाडीत तो पट्टा वेळेवर बदलावा. तो चालत्या गाडीत तुटला, तर इंजिनाचे मोठे नुकसान होऊ शकते. एवढे करून काही उरले, तर पुढचा विचार.

वही ठेवा

मिस्त्री म्हणतो, "गाडी एकदम झक्कास झाली." झाली का नाही, हे कसे कळायचे? आपल्याला आता लिहिता येते. एक वही घाला.

टाकी काठोकाठ भरा. किलोमीटरचा आकडा लिहा. पुढच्या वेळी पुन्हा काठोकाठ भरा. किती लिटर बसले आणि किती किलोमीटर झाले, ते लिहा. समजा, पहिला आकडा ४६,२०० होता. आता ४६,६२० झाला. म्हणजे गाडी ४२० किलोमीटर चालली. डिझेल बसले ३५ लिटर. ४२० ला ३५ ने भागा. उत्तर येते १२. एका लिटरला १२ किलोमीटर.

मग एकच काम करा. नुसती हवेची गाळणी बदला. पुन्हा मोजा. पुढच्या वेळी टायरची हवा नीट करा. पुन्हा मोजा. एका वेळी एकच काम केले, म्हणजे कशाने फायदा झाला ते कळते. समजा, सगळे मिळून १२ चे १५ झाले. महिन्याला ६०० किलोमीटर फिरणाऱ्या घरात आधी ५० लिटर लागत. आता ४० लागतील. दर महिन्याला १० लिटरचे पैसे घरात राहिले. त्या दिवसाच्या भावाने गुणा आणि रक्कम स्वतःच काढा.

याच वहीत ऑइल बदलल्याची तारीख लिहा. पीयूसीची, विम्याची आणि नोंदणीची मुदत लिहा. दुकानाचे बिल आत जपून ठेवा. बिलावर कोणता भाग लिहिला आहे, तो वाचा, आणि काढलेला जुना भाग परत मागा. वाचणाऱ्या माणसाला फसवणे सोपे नसते.

पुढच्या वेळी चढावर गाडी कण्हली, तर स्क्रूला हात लावू देऊ नका. आधी गाळणी उघडा. धुळीने भरलेली दिसली, तर निम्मे उत्तर तिथेच मिळेल.