आवळी-भोजन : धात्रीची खरी पूजा

कार्तिक मासी आवळीचे पूजन करून तिच्या छायेत सहकुटुंब भोजन करण्याचा परिपाठ आपल्याकडे परंपरेने चालत आला आहे. संस्कृतात आवळीस ‘धात्री’ म्हणतात. धात्री म्हणजे दूध पाजून वाढविणारी माता. चरकसंहितेनेही वयःस्थापन, म्हणजे तारुण्य टिकविणाऱ्या, द्रव्यांत आवळ्यास अग्रस्थान दिले आहे.

आज या मातेची गरज घरातील तरुणांस अधिक आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत देशातील मधुमेही १० कोटींवर असल्याचा अंदाज आहे. ही व्याधी आता विशी-तिशीतही गाठू लागली आहे. अति गोड, तळलेले अन्न आणि बैठे जीवन यांनी वजन वाढते, तेव्हा प्राणवायूचे अस्थिर कण शरीरात वाढून पेशींस इजा करतात. क जीवनसत्त्व व तुरट द्रव्ये असे कण शमवितात. आवळ्यात ही दोन्ही विपुल आहेत.

मात्र त्यासाठी गोळ्यांचा मार्ग धरू नये. फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या पुरुषांस याच गुणाच्या बीटा-कॅरोटिनच्या गोळ्या दिल्या असता फुप्फुसाचा कर्करोग घटण्याऐवजी वाढल्याचे १९९४ साली दिसून आले. फळाचे काम फळानेच करावे. साखरेत मुरलेला मोरावळाही नित्य नको.

यंदा आवळीखालच्या पंगतीत ताज्या आवळ्याची चटणी अवश्य वाढावी, पक्वान्न बेताचे ठेवावे आणि मुलांनी हाच नेम हंगामभर पाळावा. मधुमेह जडलेल्यांनी वैद्यांचे औषध मात्र सोडू नये. धात्रीची खरी पूजा ती हीच होय.