चिमणी घेताय? आधी भिंत बघा!

मैत्रिणींनो, 'चिमणी' म्हटलं की आपल्या आज्यांना रॉकेलचा दिवा आठवायचा आणि मुलांना पाखरू. आता चिमणी म्हणजे शेगडीच्या वर बसवलेलं, बटण दाबलं की घूं-घूं करणारं यंत्र! आमच्या भातसानगरकडेही नवा ओटा घातला की "चिमणी कुठली घेऊ?" हा प्रश्न निघतोच. दुकानदार काच दाखवतो, रंग दाखवतो, हात हलवला की सुरू होणारं बटण दाखवतो. पण खरा प्रश्न एकच असतो : ओढलेली हवा जाते कुठे?

चिमण्या दोन प्रकारच्या. एक पाइपवाली. ती शेगडीवरची हवा ओढते, तेलाचे कण जाळीत अडवते आणि बाकी सगळं पाइपातून घराबाहेर टाकते. दुसरी बिनपाइपची, दुकानात तिला डक्टलेस म्हणतात. तीही हवा ओढते, जाळीत तेल अडवते, मग कोळशाच्या गाळणीतून वास कमी करते आणि तीच हवा पुन्हा स्वयंपाकघरात सोडते. भिंत फोडायला नको म्हणून ही सोयीची वाटते. पण त्या हवेतली उष्णता, वाफ आणि गॅस जळून तयार झालेले वायू यांचं काय? ते घरातच राहतात. कोळशाची गाळणी त्यांना अडवू शकत नाही.

आता थोडा हिशेब करू या. एक किलो गॅस जळला की त्यातून दीड किलोहून थोडी जास्त पाण्याची वाफ तयार होते. म्हणजे १४.२ किलोचा सिलिंडर संपेपर्यंत सुमारे २२ लिटर पाणी नुसत्या ज्योतीतून घरात येतं! भाताची, आमटीची वाफ वेगळीच. धरणाच्या काठी, सह्याद्रीच्या पायथ्याशी आपला पावसाळा कसा असतो ते मी काय सांगू? खिडक्या बंद, कपडे वाळत नाहीत, मिठाला पाणी सुटतं. अशा दिवसांत हे पाणी भिंतीत आणि डब्यांतच मुरायचं.

प्रश्न नुसत्या भिंतींचाही नाही. गॅसच्या ज्योतीतून नायट्रोजन डायऑक्साइड निघतो आणि दमेकऱ्यांना, लहान मुलांना त्याचा त्रास होतो. कडकडीत तेलात तळताना निघणाऱ्या धुराला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१० सालच्या ग्रंथात 'बहुधा कर्करोगकारक' या गटात ठेवलं आहे. घाबरून पुऱ्या सोडू नका, पण तो धूर बाहेर गेलेला बरा, हे नक्की.

तेव्हा माझं मत स्पष्ट आहे. शेगडीजवळची भिंत बाहेरची असेल, तर पाइपवालीच घ्या. बसवताना स्वतः उभं राहून चार गोष्टी बघा. पाइप सहा इंची असावा. मध्येच चार इंची जोडला की ओढ कमी होते. तो आखूड आणि सरळ असावा, प्रत्येक वळण ओढ खातं. बाहेरच्या बाजूला त्याला किंचित उतार हवा, म्हणजे पावसाचं पाणी उलटं येणार नाही. तोंडाला झडप लावा, नाहीतर खऱ्या चिमण्या घरटं करतील! आणि ते तोंड शेजारणीच्या खिडकीकडे किंवा माळ्यावर काढू नका. चिमणी शेगडीपासून साधारण ६५ ते ७५ सेंटिमीटर उंच ठेवा, मात्र कंपनीच्या पुस्तिकेत दिलेलं अंतर आधी पाळा.

क्वार्टरमध्ये किंवा भाड्याच्या घरात भिंत फोडता येत नाही, ही अनेकींची अडचण. खिडकीची एक काच काढून तिथे भोक पाडलेला पत्रा बसवता येतो का, ते विचारा. घर सोडताना काच पुन्हा लावून देता येते. तेही जमत नसेल, तर बिनपाइपच्या महागड्या चिमणीआधी खिडकीत साधा एक्झॉस्ट फॅन लावा. तो मेणचट होतो, महिन्याला पुसावा लागतो, पण हवा खरोखर बाहेर टाकतो आणि वीजही कमी खातो.

मग बिनपाइपची कुणी घ्यावी? जिच्याकडे तळण क्वचित, खिडकी मोठी आणि पाइपला वाटच नाही, तिने. पण तिच्या कोळशाचा खर्च आधीच धरा. बहुतेक कोळसे धुता येत नाहीत. वापराप्रमाणे तीन ते सहा महिन्यांनी बदलावे लागतात. सुकट भाजणाऱ्या घरात तर लवकरच!

जाळी दोन्हींची धुवावी लागते. बटण आणि प्लग बंद करून ती गरम पाण्यात, सोडा आणि भांड्यांची पावडर घालून अर्धा तास भिजवा. पूर्ण कोरडी झाल्यावरच बसवा.

आणि एक महत्त्वाचं. आपल्या पाड्यांवर आणि पावसाळ्यात आपल्याही पडवीत चूल पेटते. लाकडाच्या धुरावर बिनपाइपची चिमणी हा उपाय नव्हेच. त्यातला कार्बन मोनॉक्साइड कोळशाला जुमानत नाही. चुलीला छपराबाहेर जाणारं धुराडंच हवं.

खरेदीपूर्वी एक बिनपैशाची परीक्षा करा. शेगडीपाशी उदबत्ती लावा, समोरचं दार किंचित उघडा आणि धूर कुठे वळतो ते बघा. ज्या बाजूला तो आपणहून जातो, तिकडे पाइप किंवा पंखा काढला तर काम सोपं होतं. बाहेरून हवा आत यायला फट मात्र हवीच. बंद खोलीत कितीही मोठी चिमणी नुसती गुरगुरते.

दुकानात गेलात की रंगाआधी पाइपचं विचारा. पैसे तुमचे आहेत आणि दिवसाचे तीन-चार तास त्या हवेत श्वासही तुम्हीच घेणार आहात.