खातें पेढीवर कीं परस्थळीं?

व्यापाऱ्याचें खातें त्याच्याच संगणकांत असावें, कीं दूरच्या यंत्रांत ठेवून ब्राउझरमधून पाहावें? टॅली पहिल्या प्रकारचें. इंटरनेट नसलें तरी नोंद अडत नाहीं, आणि सरावलेला कारकून माउसला न शिवतां कळफलकावरच भराभर नोंदी करतो. परंतु हार्ड डिस्क बिघडली व दुसरी प्रत नसली, तर वर्षांनुवर्षांचा हिशेब बुडतो. ब्राउझरमधील खातें कोठूनही उघडतें. मात्र जोडणी तुटतांच काम खोळंबतें, आणि वर्गणी थकली तर आपलेंच खातें परक्याच्या कुलपांत पडतें. १ जुलै २०१७ रोजीं वस्तु व सेवा कर आल्यापासून विवरणपत्रें सामान्यतः इंटरनेटनेंच जातात. म्हणजे पेढीवरचें खातेंही पूर्ण अलिप्त राहत नाहीं. सारांश, एका जागीं अखंड नोंदी असतील तेथें पहिलें बरें. शाखा अनेक असतील तेथें दुसरें. प्रत मात्र दोघांनींही अन्यत्र ठेवावी.